अडकलेलं बेअरिंग

पाटणचा पाऊस, वर कुंभार्ली घाटाची चढण. ट्रकच्या हबात पाणी शिरतं, गंज चढतो आणि बेअरिंग एक्सलला धरून बसतं. अशा वेळी घण उचलू नका. बेअरिंगचं पोलाद कठीण, पण ठिसूळ. कपची उडाली तर डोळा जातो.

आधी बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. एक्सलखाली भक्कम ठोकळे द्या. सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुलर लावून बेताबेतानं आवळा. पुलर नसेल, तर अडकलेल्या कड्यावर पितळी दांडा टेकवून समोरासमोर, आळीपाळीनं ठोका. एकाच बाजूनं ठोकाल तर कडं तिरकं होऊन अधिकच रुतेल.

ठोकून काढलेलं बेअरिंग मात्र पुन्हा बसवू नका. घाटात त्याच चाकावर माणसांचा जीव असतो.