नो एजचा 'नाउन्स': मिक्स बिघडलंय की आपले कान?

आजचा भाग जरा गोंगाटाचा आहे, तेव्हा आवाज आत्ताच थोडा कमी करून ठेवा. थट्टा नाही करत, शेवटी एक ट्रॅक येणारे.

तर, नो एज. अमेरिकेतल्या लॉस एंजलिसचा दोनच माणसांचा बँड. रँडी रँडल गिटार वाजवतो. डीन स्पंट ड्रम वाजवतो आणि वाजवता वाजवताच गातो. २००८ च्या मे महिन्यात त्यांचा 'नाउन्स' आला, सब पॉपकडून. ही तीच कंपनी, जिने निर्वाणाचा पहिला अल्बम काढला होता. १२ गाणी, सगळी मिळून साधारण अर्धा तास. हिंजवडीतून वाकडला पोचेपर्यंत अख्खा अल्बम संपतो, संध्याकाळी निघालात तर दोनदा.

'पिचफोर्क'ने तेव्हा याला दहापैकी ९.२ दिले होते. आणि गंमत म्हणजे ग्रॅमीचं नामांकनही मिळालं, पण संगीतासाठी नाही, पॅकेजिंगसाठी! सीडीसोबत फोटोंची जाडजूड पुस्तिका होती, तिच्यासाठी.

गेल्या पंधरा दिवसांत मी हा अल्बम ओळखीच्या तीनचार जणांना ऐकवला. रूममेटने दुसऱ्या गाण्यातच विचारलं, "तुझा इअरबड फाटलाय का रे?" ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, की चाली मस्त आहेत, पण गाणाऱ्याला शेजारच्या खोलीत कोंडून का ठेवलंय? आणखी एकाचं म्हणणं असं की हा सगळा आव आहे. चांगलं रेकॉर्डिंग परवडत नव्हतं, मग त्यालाच स्टाईल म्हणून टाकलं.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण तो अर्धा खरा आहे. हा बँड ज्या जागेत वाढला ती म्हणजे 'द स्मेल'. डाउनटाउन लॉस एंजलिसमधली, स्वयंसेवकांनी चालवलेली जागा. दारू नाही, वयाची अट नाही, तिकीट अगदी किरकोळ. सोळा वर्षांचं पोरगंही आत येऊन गाणं ऐकू शकतं. २००७ च्या त्यांच्या 'वियर्डो रिपर्स' या रेकॉर्डच्या कव्हरवर याच इमारतीची भिंत आहे. तर अशा ठिकाणी आवाज भिंतींवर आपटून परत येतो, ड्रमच्या पुढे शब्द ऐकू येत नाहीत, आणि पुढे उभ्या असलेल्या पोरांना त्याचं काही वाटतही नाही. 'नाउन्स'चं मिक्स मला त्या खोलीसारखं वाटतं. पण सब पॉपकडे आल्यावर गाणाऱ्याचा आवाज वर आणणं काही अवघड नव्हतं. मिक्सिंगमध्ये एक फेडर वर सरकवायचा, बस. त्यांनी तो सरकवला नाही. म्हणजे 'परवडत नव्हतं' हे कारण इथे लागू पडत नाही.

मग का नाही सरकवला? माझा अंदाज सांगतो. गाता गाता ड्रम वाजवणाऱ्याकडे दम किती उरणार? त्यामुळे डीनच्या ओळी आखूड, दोनतीन सुरांत फिरणाऱ्या, जवळजवळ सपाट. तो मोठा गायक नाहीच, आणि ज्यांना हे खटकतं त्यांचं काही चुकत नाही. पण चाल त्याच्या गळ्यात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. चाल गिटारमध्ये आहे. 'टीन क्रीप्स' लावा आणि फक्त गिटारवर लक्ष ठेवा. डोक्यात अडकून बसणारा तो तुकडा कुठल्याही सिनेमाच्या गाण्यात शोभेल.

आता थोडं इंजिनिअरिंग, दोनच मिनिटं. गिटारचे दोन सूर डिस्टॉर्शनमधून एकत्र पाठवले की त्यांची बेरीज-वजाबाकी होते आणि कुणीही न वाजवलेले नवे सूर तयार होतात. समजा सा २०० हर्ट्झला आहे आणि प ३०० ला. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! बेस वाजवायला कोणी नाही, तरी खालचा सूर हजर. दोन माणसांचा बँड चार जणांसारखा भरलेला वाटतो त्यात याचा वाटा असतो. बाकीचं काम लूप आणि सँपलर करतात. उलट बाजूने बघा, डिस्टॉर्शन लावून भरगच्च कॉर्ड दाबली की याच बेरीज-वजाबाकीचा चिखल होतो. 'नाउन्स'मध्ये काही ठिकाणी तो झालाय, मी नाकारत नाही. 'थिंग्ज आय डिड व्हेन आय वॉज डेड' माझ्यासाठी अजूनही नुसतं धुकं आहे.

हे सगळं मी मावशीला सांगत होतो. ती मिरजेला असते, गाणं शिकवते. तिने हेडफोन लावून 'इरेझर' पूर्ण ऐकलं. त्यात सुरुवातीला नुसती गिटार बराच वेळ चालते, मग अचानक ड्रम तुटून पडतात आणि गाणं येतं न येतं तोच संपतं. मावशी म्हणाली, "सूर आहे रे यात. जवारी फार खुली ठेवलीय एवढंच." मी उडालोच. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात तो कशासाठी? तार जराशी झणझणावी म्हणून. ती झणझण काढून टाकली तर तंबोरा 'स्वच्छ' होईल, पण त्याच्यासमोर बसून गावंसं कुणाला वाटेल? आपल्याकडे त्या झणझणीला कुणी बिघाड म्हणत नाही.

तरी एक गोष्ट फोनवाल्यांसाठी. फोनच्या बारीकशा स्पीकरवर खालचे सूर पोचतच नाहीत, उरते ती वरची फरफर. रूममेटने तसंच ऐकलं होतं, आणि त्या ऐकण्यापुरतं त्याचं मत बरोबरच आहे. साधे वायरवाले हेडफोन चालतील, आवाज मध्यम ठेवा, आणि 'हिअर शुड बी माय होम'पासून सुरू करा. पहिल्या गाण्यापासून नको.

आता हा विषय मी का काढला ते सांगतो.

कॉलेजात माझ्या एका मित्राचा असाच दोघांचा बँड होता, गिटार आणि ड्रम. हॉस्टेलच्या खोलीत, दाराला गाद्या लावून, त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं आणि मला पाठवलं, कारण ग्रुपमध्ये 'ऑडिओचं कळणारा' मी होतो. मी ऐकलं आणि लगेच बग फिक्स करायला घेतल्यासारखा बसलो. नॉइज रिडक्शन लावलं, गिटारची फरफर इक्वलायझरने कापली, व्होकल वर आणलं. दोन रात्री घालवल्या. त्यांनी माझं व्हर्जन अपलोड केलं. लोकांनी 'छान, क्लीन साउंड' म्हटलं. काही दिवसांनी मित्र मला म्हणाला, "चांगलं झालंय, पण आता ते आमचं वाटत नाही." मी हसण्यावारी नेलं. वर्षभरात दोघांनी वाजवणं सोडलं. त्याला नोकरी, परीक्षा अशी दहा कारणं असतील, सगळं माझ्यावर घेत नाही. पण 'नाउन्स' ऐकताना दर वेळी ते वाक्य आठवतं.

परवा जुनी हार्ड डिस्क काढली. मूळ फाइल होती. ऐकली. मी जिला फरफर समजून कापलं होतं, तिच्याच आत दुसरी एक चाल होती, अगदी हळू, कोरसच्या मागे. गिटारवर मुद्दाम वाजवलेली. आणि माझ्या व्हर्जनमध्ये ती नाही.

रात्री साडेअकराला त्याला फोन केला. म्हटलं, सॉरी यार, त्या गाण्याची मी वाट लावली होती. तो म्हणाला, "अरे, ते अजून आहे तुझ्याकडे? माझा तर लॅपटॉपच गेला." मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही. पॉडकास्टवर लावू का विचारलं, तर म्हणाला, "लाव. पण हात नको लावूस."

तर आता ते लावतोय. तीन मिनिटं दहा सेकंद, जसंच्या तसं. सुरुवातीला पंख्याचा आवाज येईल, तो पंख्याचाच आहे.