बेंबळीला समुद्र नाही, तरी या!

परिषदेच्या आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, तटरक्षक दलातून निवृत्त झालेले अधिकारी आणि नाविक, त्यांच्या घरची मंडळी, आणि सकाळच्या धारा काढून थेट मंडपात आलेले माझे बेंबळीकर,

समस्त ग्रामस्थांच्या वतीनं मी आपलं स्वागत करतो. पहाटे धाराशिव स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्यांना जीपची वाट पाहावी लागली, हे माझ्या कानावर आलं आहे. जीप इथून वेळेवर सुटली होती, वाटेत पंक्चर झाली. पाहुण्यांना स्टेशनावरच चहा पाजला, असं कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात. ज्यांना तो मिळाला नसेल त्यांनी भाषणानंतर मला गाठावं, कार्यकर्त्यांना नको.

तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारून टाकतो. तटरक्षक जवानांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्यांची परिषद, आणि ती बेंबळीत? जिथं पाण्याचा टँकर आला तरी पोरं बघायला धावतात, तिथं? महाराज, समुद्राची ओढ आमच्या भागाला जुनीच आहे. ज्यांच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत, त्या निजामांनाही बंदर हवं होतं आणि मुरगावसाठी पोर्तुगिजांकडे खटपट चालली होती. बंदर राहिलं बाजूला, 1948 च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईत संस्थानच गेलं. त्या कारवाईत 13 सप्टेंबरला नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पंजाबातला माणूस आमच्यासाठी इथं येऊन मेला, म्हणून वर्दीतला माणूस कुठल्या गावचा हे आम्ही विचारत नाही.

पण त्याहीपेक्षा जुनी गोष्ट तेरची. तेर आमच्याच तालुक्यात, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांचं गाव. स्वागताध्यक्ष बेंबळीचे आणि गुणगान तेरचं, अशी कुजबुज मागच्या खुर्च्यांवर सुरू झालेली मला दिसते आहे. होऊ द्या. आज समुद्राचे पाहुणे आलेत आणि समुद्राचा पुरावा तेरला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रवाटांची वही लिहिली. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं नगर आहे, तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते, असं त्यात म्हटलंय. ते तगर म्हणजे आपलं तेर, असं इतिहास-संशोधक फ्लीट साहेबांनी 1901 मध्ये दाखवून दिलं. गाड्या धड वाट नसलेल्या मुलखातून जातात, अशीही नोंद त्या वहीत आहे. तेव्हा काल रात्री ज्यांनी इथल्या रस्त्याबद्दल नाराजी कळवली, त्यांना इतकंच सांगतो की ही तक्रार दोन हजार वर्षं प्रलंबित आहे.

आणि हे सगळं सांभाळलं कुणी? रामलिंगप्पा लामतुरे यांनी. आज या मंडपात किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय, हात वर करा. बघा! पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर मणी, नाणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती उघड्या पडायच्या. लोक पायानं बाजूला सारत. लामतुरे ते उचलून घरी आणत, पुसत, ठेवून देत. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी पुराणवस्तू संग्रहालय आज त्यांच्याच नावानं तेरला आहे. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली, आणि पाँपेई तर इसवी सन 79 मध्येच राखेखाली गाडलं गेलेलं. म्हणजे इकडची हस्तिदंती बाई दर्या ओलांडून तिकडे नांदायला गेली होती! उद्या दुपारच्या सत्रानंतर तेरला जायला गाडी ठेवली आहे. चर्चा अर्धवट राहिली तरी चालेल, संग्रहालय चुकवू नका.

आता परिषदेच्या विषयाकडे वळतो. नाहीतर अध्यक्ष महोदया घड्याळाकडे बघू लागतील.

तटरक्षक दल हवं, हे 1974 साली नेमलेल्या ज्या समितीनं ठासून सांगितलं, तिचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी. पोलीस खात्यातले, आणि जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. कामठीला तरी कुठं समुद्र आहे? पुढं 1 फेब्रुवारी 1977 ला दलाचं काम सुरू झालं आणि 1978 मध्ये कायदा आला. दलानं आपल्या जहाजांना जिजाबाई, चांदबिबी, ताराबाई, अहिल्याबाई अशी नावं दिली. 1999 च्या नोव्हेंबरात चाच्यांनी पळवलेलं ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज अरबी समुद्रात गाठलं, त्या पाठलागात पुढं होती ‘ताराबाई’. मग नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली. ही हकिगत आमच्या शाळेतल्या पोरांना सांगितली, तेव्हा एकानं विचारलं, “कोल्हापूरच्या का?”

आपल्याकडं या दलात पोरगं लागलं की गाव म्हणतं, नेव्हीत लागलं. बापही समजावून सांगायचा कंटाळा करतो. पण खरी अडचण कागदावर येते. माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येत भूदल, नौदल आणि वायुदल आहे, तटरक्षक नाही. समुद्रात तेच वारं, तोच धोका. 2024 च्या सप्टेंबरात आणि 2025 च्या जानेवारीत पोरबंदरला दलाची हेलिकॉप्टरं कोसळली, दोन्ही वेळा जवान गेले. अन् आमच्या भागातला एक निवृत्त नाविक मुलीच्या प्रवेशाचा कागद घेऊन एका कार्यालयात गेला, तर त्याला सांगितलं, तुमचा फॉर्म इथला नाही. मग कुठला, हे कुणी सांगितलं नाही.

अमेरिकेतसुद्धा हेच. 2018-19 च्या हिवाळ्यात तिथलं सरकारी कामकाज 35 दिवस अडलं. बाकीच्या सैन्यदलांचा पगार झाला. तटरक्षक दल वेगळ्या खात्याखाली, म्हणून त्याचा अडकला. तेव्हा 1924 पासून चालत आलेल्या त्यांच्या साहाय्य संस्थेनं घरोघरी बिनव्याजी पैसे पोचवले. शंभर वर्षांची संस्था पाठीशी असली की असा उपयोग होतो.

आपल्याकडं जवानांच्या पत्नींची ‘तटरक्षिका’ ही संघटना आहे. तिचं काम मी मानतो. पण तिचा वावर दलाच्या वसाहतींत. ज्याचे आईबाप इथं कोरडवाहू सोयाबीन बघत बसलेत, पोरगं गस्तीवर असल्यानं फोन लागत नाही आणि म्हातारीला रात्री सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचंय, तिथं कोण? माझं परिषदेला एवढंच मागणं आहे. ठरावांत समुद्रकाठच्या जिल्ह्यांबरोबर आमच्यासारख्या कोरड्या जिल्ह्यांचंही नाव येऊ द्या, आणि जिल्ह्याला एक तरी माणूस नेमा, ज्याला कुठला फॉर्म कुठं द्यायचा ते माहीत आहे.

आता उणिवा. 2020 साली 93 वं साहित्य संमेलन धाराशिवला झालं, समुद्रकाठच्या वसईचे फादर दिब्रिटो अध्यक्ष होते. तशी तयारी आमच्याकडून होणं नाही. निवास शाळेच्या वर्गांत आहे. बाकं बाहेर काढलीत, फळ्यावरचे पाढे पुसायचे राहिलेत. अंघोळीला एकेक बादली मिळेल, मोठ्या मनानं चालवून घ्या. डासांच्या अगरबत्त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आहेत. वीज गेली तर जनरेटर आहे, मात्र तो सुरू करणारा एकच आहे आणि तो वाढायलाही असतो. भगिनींसाठीची सोय पंचायतीच्या सभागृहात केली असून तिथला नळ जरा जोरानं फिरवावा लागतो.

आभार मानायलाच हवेत, शेवटी मला याच गावात राहायचं आहे. मंडपवाल्यांनी निम्मं भाडं घेतलं. किराणा दुकानदारांनी डाळ-तांदूळ दिला आणि नाव घेऊ नका म्हणाले. तरी सगळ्यांना ठाऊक आहे. ज्वारी घरटी पायली-पायली जमली. भूमहून खवा आला, त्याचे गुलाबजाम उद्या आहेत. बचत गटाच्या महिला कालपासून भाकरी थापताहेत. ग्रामपंचायतीनं पाणी, पोलीस ठाण्यानं बंदोबस्त, मशिदीच्या आणि मारुतीच्या दोन्ही आळ्यांतल्या पोरांनी सतरंज्या दिल्या. सतरंज्यांच्या कोपऱ्यावर नावं आहेत, जाताना कृपया आपल्या बॅगेत गुंडाळू नका. एका आजींनी पेन्शनमधून पाकीट पाठवलं, त्यांचा नातू सध्या जहाजावर आहे. त्या पुढच्याच रांगेत बसल्यात, त्यांना उन्हात ठेवू नका, कुणीतरी खुर्ची सावलीत सरकवा.

उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी समई पेटवावी. काडेपेटी सचिवांकडे आहे. भाकरी गरम असेपर्यंत पहिलं सत्र आटोपेल, असं मी स्वयंपाकघराला कळवलं आहे.