विज्ञानमंदिरातील चित्रे

(जालना जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणातून)



शाळेची खोली बांधताना सिमेंट, लोखंड, पत्रे यांचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो. त्यात चित्रासाठीही रक्कम धरा, असे कोणी म्हटले तर सभेत हशा पिकेल. कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वास्तू उभी राहत असताना डॉ. होमी भाभा यांनी नेमके तेच म्हटले. देशात धान्याचा आणि परकीय चलनाचा तुटवडा होता. तरीही खर्चाचा एक टक्का कलाकृतींवर वापरण्यास त्यांनी पंडित नेहरूंची संमती मिळविली. जानेवारी १९६२ मध्ये नेहरूंच्याच हस्ते त्या वास्तूचे उद्घाटन झाले.

भाभा स्वतः चांगले रेखाटनकार होते. त्यांनी चित्रे घेतली ती आरा, गायतोंडे, तय्यब मेहता यांच्यासारख्यांची. त्या काळी या मंडळींना गिऱ्हाईक दुर्मिळ होते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे ४५ फूट लांब व ९ फूट उंच भित्तिचित्र तेथील दालनात आहे. आज संग्रहात अडीचशेहून अधिक कलाकृती आहेत.

यांतील बहुतेक चित्रे विज्ञानाचा धडा शिकवीत नाहीत. कामावर जाता-येता गणितज्ञाची नजर त्यांवर पडते, रेंगाळते. माझ्या मते कला आणि विज्ञान यांचा सांधा या निरखण्यातच आहे. आपल्या जिल्ह्यात तो परका नाही. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात उद्या उमलणारी कळी आज सायंकाळी ओळखून मजूर भगिनी तिचे पुंकेसर अलगद काढतात आणि सकाळी नर वाणाचे पराग लावतात. तेथे नजर चुकली की बियाण्याची शुद्धता गेली!

आधी गळके छप्पर, मग चित्र, असे सदस्य म्हणतील. छप्पर आधीच, त्याबद्दल वाद नाही. पण एक टक्का म्हणजे दहा लाखांच्या खोलीमागे दहा हजार. कुलाब्याचे आवार संरक्षित असल्याने तेथील चित्रे सामान्य माणसास सहज पाहता येत नाहीत, हे मला खटकते. त्यांच्या उत्तम प्रतिकृती जिल्ह्याच्या शाळांत याव्यात, अशी मागणी शिक्षकांनी जरूर करावी. तोवर आपल्या भिंतीवर साच्यातले हत्ती-ससे उमटविण्याऐवजी चित्रकला शिक्षकांकडून कपाशीचे फूल काढून घ्या, पाकळी, पुंकेसर, कुक्षी नीट दिसतील असे. आणि रंग भरायला मुलांना हाताशी घ्या.