मातीस मिळणारे प्लॅस्टिक
(सेनगाव येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



१९२६ साली फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेम्वान्य यांना एका सूक्ष्म जंतूच्या शरीरात प्लॅस्टिकसारखा पदार्थ आढळला. शेतकरी कणगीत धान्य साठवितो, तसा अन्न मुबलक पण नत्र अपुरे असता हा जंतू तो साठवितो. सुमारे १७५ अंश सेंटिग्रेडला तो वितळतो, साच्यात घालता येतो. मात्र ठिसूळ व महाग असतो. ऊब व ओल मिळाल्यास मातीतील जंतू त्याचे पाणी व कर्बवायू करितात. नेहमीची पिशवी मात्र सेनगावच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहील. २०१८ साली शासनाने तिजवर बंदी घातली. तरी आमच्याच समारंभांत ती दिसते, हे आम्ही खेदाने कबूल करितो. जंतूंचे प्लॅस्टिक स्वस्त होईल तेव्हा होवो; तोवर आपल्या पंगती पळसाच्या पत्रावळींवरच वाढाव्या, एवढीच विनंती.