वाघ परत आला. आता मोहाला कोण जाणार?

(साहाय्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गडचिरोलीच्या गावांबद्दल बोलावं, असं मला सांगण्यात आलं. शाळेचा आणि दवाखान्याचा अहवाल तुमच्या हातात आहेच. मी वाघाबद्दल बोलणार आहे, कारण आज तिथं चार माणसं बसली की पहिला विषय तोच निघतो.

२००६ साली महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. त्यांत सर्वांत जास्त चंद्रपूर जिल्ह्यात. तिथं जागा अपुरी पडू लागली, तसे तरुण वाघ नवं रान शोधत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आले. जिथं वाघ जवळजवळ दिसेनासा झाला होता, तिथं आता वाघिणी पिल्लं वाढवत आहेत.

रानाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. धाक नसला की चितळ, सांबर एकाच जागी चरत राहतात आणि कोवळी रोपं वाढूच देत नाहीत. वाघ असला की कळप हलत राहतो, रोपांना उसंत मिळते. त्यानं टाकलेल्या शिकारीवर कोल्हे आणि तरस पोसतात.

पण एवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात लांडगे १९२६ च्या सुमारास मारून संपवले गेले. एल्क नावाची मोठी हरणं वाढली, ओढ्याकाठची झाडं खुरटली. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. पुढं एल्क कमी झाली आणि काही ओढ्यांकाठी झाडं पुन्हा उंच झाली. मात्र सगळीकडे नाही. जिथं बीव्हर गेले, त्यांचे बांध मोडले आणि पाण्याची पातळी खाली गेली, तिथं पुष्कळ झाडं अजून खुरटीच आहेत. एक जनावर परत आलं म्हणून मोडलेला सगळा संसार सावरत नाही.

आणि आपल्या रानात तर माणसंही राहतात. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच मोह वेचायला जातात. वाकून वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते. मे महिन्यात तेंदूपत्ता. या पैशावर पावसाळ्याचा किराणा भरला जातो. त्यांना "रानात जाऊ नका" म्हणणं म्हणजे "जेवू नका" म्हणण्यासारखं आहे.

गोंड लोकांनी वाघाला कधी केवळ वैरी मानलं नाही. अनेक गावांत वाघदेवाचं ठाणं आहे. पण घरचं माणूस गेलं आणि मदतीसाठी खेटे घालावे लागले, तर मन कडू होतं. मृत्यू झाल्यास शासन २५ लाख रुपये देतं. त्यासाठी वेळेवर पंचनामा, वारसाची कागदपत्रं, बँकेचं खातं लागतं. नवरा गमावलेल्या बाईनं हे एकटीनं कसं करावं? मन कडू झालं की डुकरासाठी लावलेल्या वीजतारेत वाघ मेला, तरी कुणाला वाईट वाटत नाही. म्हणजे बाईचे कागद वेळेत होणं हे वाघाच्याही हिताचं आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ज्याला रान आपलं वाटतं, तोच त्यातल्या वाघालाही जागा देतो.

तेव्हा वाघाचा फोटो पाहून आनंद झाला, तर त्याच रानात मोह वेचणारीचीही आठवण ठेवा. एकटीनं न जाता टोळीनं जाणं, उजाडल्यावर निघणं, दोघांनी उभं राहून पहारा देणं, ही साधी कामं आहेत. पण ती गावानं बसून ठरवावी लागतात. त्यासाठी गावात जाऊन बसणारी माणसं लागतात. तुम्ही पाठीशी आहात म्हणून ती जाऊ शकतात. मोह मार्चमध्ये गळू लागतो. त्याआधी प्रत्येक पाड्यावर ही बैठक व्हायला हवी.