जिवावर बेतते तेव्हा घरच्यांनी काय करावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण शिवणकाम, बचत, मुलांचे संगोपन अशा विषयांवर ऐकतो. आज मी एक जड विषय मागून घेतला आहे. आनंदाच्या दिवशी हे कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु एरवी या विषयावर आपण एकत्र बसून कधी बोलतच नाही. बोलतो ते दाराआड, आणि तेही सगळे होऊन गेल्यावर.

विषय असा. घरातले एखादे माणूस मनाने इतके खचते की जीव नकोसा होऊन ते स्वतःला इजा करायला निघते. इस्पितळात चल म्हटले तर ते नको म्हणते. अशा वेळी त्याच्या मनाविरुद्ध त्याला दाखल करावे की नाही? करायचे तर कसे?

मी काही डॉक्टर किंवा वकील नव्हे. माझी शाळा सातवीपर्यंतची. पण हा प्रश्न आमच्या नात्यात उभा राहिला होता, आणि त्यानंतर मी जाणत्यांना विचारून थोडी माहिती गोळा केली. ती आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हे दुखणे किती मोठे आहे ते पाहा. सरकारी नोंदीप्रमाणे २०२१ साली आपल्या देशात १,६४,०३३ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत २३,१७९ गृहिणी होत्या, म्हणजे तुमच्या आमच्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बायका. सर्व राज्यांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,२०७. तेव्हा हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे आहे असे कोणी समजू नये.

आता आपल्याकडे दोन भये आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक भय बोभाट्याचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून घरचे गप्प बसतात. मुलीचे लग्न जमणार नाही, पोलीस दारात येतील, वेड्यांच्या इस्पितळात घातले म्हणून लोक नावे ठेवतील. कोणी देवऋषी पाहतात, कोणी अंगारा लावतात, आणि त्यात हातचे दिवस निघून जातात. दुसरे भय नेमके याच्या उलट. नको झालेल्या बाईला वेडी ठरवून इस्पितळात टाकायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाही, असेही घडलेले आहे. बऱ्या झालेल्या बायका, कोणी न्यायलाच येत नाही म्हणून इस्पितळात वर्षानुवर्षे राहिल्या आहेत.

म्हणून मला एकच गोष्ट सांगायची आहे. जीव धोक्यात असेल तर दाखल करायला कचरू नये, आणि दाखल केलेल्या माणसाला टाकून देऊ नये. या दोन्ही गोष्टी एकत्रच पाळायच्या आहेत.

पोलिसांच्या भयाविषयी आधी सांगते. इंग्रजांच्या १८६० च्या कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, अपघातानंतर मनाने आजारी झालेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, हे कलम घटनेला धरून नाही असा निकाल दिला. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरवले. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याने सांगितले की असे करणारा माणूस अतिशय मोठ्या ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलमच राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तेव्हा खटल्याच्या भीतीने कोणी माणसाला इस्पितळात न्यायचे थांबू नये.

आता मनाविरुद्ध दाखल करण्याचे नियम. तेही याच २०१७ च्या कायद्यात आहेत. नुसते नवऱ्याने किंवा सासऱ्याने सांगितले म्हणून कोणाला ठेवता येत नाही. आजाऱ्याच्या प्रतिनिधीने अर्ज करावा लागतो. दोघांनी त्या माणसाला वेगवेगळे तपासावे लागते. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे, दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला जाणकार चालतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, किंवा माणूस स्वतःची देखभाल करू शकत नाही, आणि दाखल करण्याहून सौम्य उपाय उरलेला नाही, असे दोघांचेही मत पडले तरच दाखल करता येते. मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. त्याआधी बरे वाटले तर त्याआधीच सोडायचे. त्याहून अधिक ठेवायचे तर पुन्हा तपासणी होते आणि पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते. बाई किंवा लहान मूल दाखल केले तर ३ दिवसांत या मंडळाला कळवावे लागते, इतरांसाठी ७ दिवसांत. मला अन्यायाने ठेवले आहे, अशी तक्रार आजारी माणूस स्वतः त्या मंडळाकडे करू शकतो.

अगदी अटीतटीची वेळ आली आणि मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसला तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जीव वाचवण्यापुरते उपचार करू शकतो. ही सोय ७२ तासांपुरती आहे. पोलिसांना असे माणूस आढळले तर त्यांनी त्याला कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी इस्पितळात पोचवायचे असते. साखळदंडाने बांधण्यास सक्त मनाई आहे. भूल दिल्याशिवाय विजेचे उपचार करता येत नाहीत. डोक्याचे केस सक्तीने काढता येत नाहीत. तामिळनाडूत एर्वाडी येथे २००१ साली आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही, आणि २८ जणांचे प्राण गेले. हे नियम का हवेत ते यावरून कळेल.

बायकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक कलम आहे. आपला प्रतिनिधी कोण असावा हे आपण शहाणपणीच साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठेवू शकतो. तो नवराच असला पाहिजे असे नाही. बहीण, भाऊ, मैत्रीण, ज्यांच्यावर आपला विश्वास आहे असे कोणीही सज्ञान माणूस चालते. तसेच, सासरच्यांचे ऐकत नाही, रीतीप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे.

आता आमच्या नात्यातली हकिगत. त्या बाईच्या संमतीने सांगते. नावगाव सांगत नाही. तिची झोप गेली होती, जेवण सुटले होते. एक दिवस ती आईला म्हणाली, "माझी मुले तू सांभाळ." आई अडाणी, पण शहाणी. तिने सरळ विचारले, "जिवाचे काही बरेवाईट करायचे मनात आहे का?" ती हो म्हणाली. त्याच दिवशी डॉक्टरांनी दाखल करायला सांगितले. ती रडली, ओरडली, "मी वेडी नाही, मला टाकू नका" म्हणाली. कोणी सुचवले की त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जाऊ असे सांगून गाडीत बसवा. आई म्हणाली, "देवाचे नाव घेऊन लेकीला फसवायचे नाही." तिने लेकीला सांगितले, "तुला इस्पितळात नेते आहे. तुझी इच्छा नाही हे मला दिसते आहे. रोज घरचे कोणीतरी येईल, आणि मी तुला घरी आणीन." आणि रोज कोणीतरी गेले. एकोणिसाव्या दिवशी ती घरी आली. परवा ती मला म्हणाली, "त्या दिवसाची आठवण आजही नकोशी वाटते. तुमचा सगळ्यांचा फार राग आला होता. पण आई खोटे बोलली नाही, म्हणून नंतर तिच्या हातून गोळ्या घेतल्या."

भगिनींनो, मनाविरुद्ध दाखल होणे ही आजाऱ्याला दुखावणारीच गोष्ट आहे, हे आपण विसरू नये. म्हणून आधी समजावून, आपखुषीने नेण्याचा प्रयत्न करावा. पुष्कळ माणसे धीराने बोलल्यावर तयार होतात.

ओळखावे कसे? मी नसले तर बरे, असे बोलणे. आवडीच्या वस्तू वाटून टाकणे. निरोप घेतल्यासारखे वागणे. पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असणे. अशा वेळी स्पष्ट विचारावे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. माणसाला एकटे सोडू नये. घरातल्या औषधगोळ्या, फवारणीची औषधे कुलपात ठेवावी.

जावे कोठे? सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, नाशकात नाही. पण पहिली तपासणी आपल्या जवळच होते. त्र्यंबक रस्त्यावर जिल्हा रुग्णालय आहे. आपल्या सातपुरात बहुतेक घरे कारखान्यांवर चालतात. ज्यांचे विम्याचे कार्ड आहे त्यांना इथलेच कामगार विमा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांची मदत लागली तर ११२. नुसते बोलायचे असेल तर टेलिमानस ही सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हे आकडे स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावेत.

शेवटी आपल्या मंडळाचे काम. इस्पितळातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपण्याचे असतात, असे डॉक्टर सांगतात. आणि नेमके त्याच दिवसांत शेजारी जाणे-येणे बंद करतात! बाळंतिणीला आपण डबा नेतो, मोडलेल्या पायाची चौकशी करतो. मग या आजारातून उठलेल्या बाईच्या दारी का जाऊ नये? काय झाले होते, असे खोदून विचारू नये. भाजी निवडायला बसावे, मुलांना शाळेत सोडावे, औषधाच्या तारखेला सोबत जावे. हळदीकुंकवाला तिला पूर्वीप्रमाणे बोलवावे. यासाठी वर्गणी लागत नाही.