ग्रामसभेचा व्यापार आणि थांबण्याचे बळ

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांपुढे नववर्षाच्या आरंभी केलेल्या भाषणाचा गोषवारा.)



नव्या वर्षाचा कार्यक्रम आखण्यासाठी आपण एकत्र आलो आहोत. विषयपत्रिकेत हक्क आहेत, संघटना आहे, प्रबोधन आहे. व्यापार मात्र नाही. या शब्दाविषयी आपल्याला संकोच वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. या मुलखातील माणसाने व्यापारी पाहिला तो काटा मारणारा आणि उचल देऊन बांधून ठेवणारा. परंतु सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला त्याच दिवशी ग्रामसभा मालाची धनी झाली. ज्याच्याजवळ विकण्याजोगा माल आहे, त्याला व्यापार टळत नाही. तो स्वतः करतो, नाहीतर त्याच्या नावावर दुसरा कोणी करतो.

माल आपला असणे आणि तो विकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने अनुभवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला निघाला तेव्हा तो वाहतूक परवान्यापाशी अडला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा वाट मोकळी झाली. २०१२ च्या नियमदुरुस्तीने परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

कायद्याने इथवर आणून सोडले. पुढचा प्रश्न भावाचा आहे, आणि तो कायद्याने सुटत नाही. अर्थशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी : सौद्यात ज्याला थांबता येते, भाव तो ठरवतो. मोहाचे उदाहरण घ्या. चैत्रात घरोघरी फुले वेचली जातात आणि हातात पैसा नसल्यामुळे पडत्या भावाने विकली जातात. तीच फुले पावसाळ्यात बाजारातून चढ्या भावाने विकत आणणारी कुटुंबे आपल्याच गावांत आहेत. मधल्या चार महिन्यांचा नफा ज्याच्याजवळ कोरडे कोठार आणि थोडे भांडवल आहे, त्याच्या पदरात पडतो. त्याच्या अंगी दुसरा कोणताही विशेष गुण नसतो.

म्हणून नियोजनाचा पहिला प्रश्न असा असावा : आपला कोणता माल किती काळ थांबू शकतो? मोह सुकवून ठेवता येतो. बांबू न तोडता बेटात एखादे वर्ष राखता येतो; मात्र त्याला फुलोरा आला की सारे बेट वाळते, हेही विसरू नये. तेंदूचे पान अजिबात थांबत नाही. उन्हाळ्यातले काही आठवडे हाच त्याचा हंगाम. तो पैसा धानाच्या पेरणीच्या तोंडावर हाती येतो, आणि गरजेची ही वेळ ठेकेदाराला आपल्याइतकीच ठाऊक असते. तेव्हा तेंदूचा सौदा पान तोडण्याआधीच पक्का झाला पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर वेगळाच हिशेब मांडला. तेंदूसाठी होणारी छाटणी आणि लावली जाणारी आग वनाला परवडत नाही म्हणून तिने ते संकलनच सोडले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येकाने पाचगावचे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. पण काय विकायचे नाही हे ठरविणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

दुसरे काम संरक्षणाचे. वणव्यापासून वनाचे रक्षण आपण जाणतो. सौद्याचे रक्षणही तितकेच निकडीचे आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. तेंदूपानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर बसला. २०१७ च्या हंगामात चढलेले भाव २०१८ मध्ये कोसळले. २०२५ मध्ये तेंदूपानावरील कर ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. यांपैकी एकही निर्णय घेताना पान तोडणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते. अशा बाजारात तोंडी शब्दावर माल देणे म्हणजे गावची मजुरी उधार देणे होय. लेखी करार, आगाऊ अनामत, हप्त्यांच्या तारखा, आणि रक्कम चुकती झाल्यावाचून गोदामातून माल न हलविणे, ही किमान पथ्ये आहेत. तसेच हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविला गेला पाहिजे. बाहेरच्या ठेकेदाराइतकेच घरचे गुप्त खातेही संघटना पोखरते.

तिसरे काम प्रसाराचे. एकटे गाव एका गिऱ्हाइकापुढे नेहमीच दुबळे ठरते. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारली, तिचे मर्म येथे आहे. अनेक गावांची निविदा एकत्र निघाली तर गिऱ्हाईक दुरून येते आणि गिऱ्हाइकांमध्ये स्पर्धा होते. शिवाय कच्चा बांबू गाडीत भरून पाठविण्याआधी त्यातला काही भाग गावातच कारागिरांच्या हातून जावा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचे प्रशिक्षण देणारे केंद्र आहे. त्याचा लाभ घ्यावा.

या तिन्ही कामांना पैसा लागतो. कोणी म्हणेल, ज्यांच्या घरी पेरणीचे बियाणे नाही त्यांनी शिल्लक कशी टाकावी? आक्षेप खरा आहे. म्हणून मजुरीला हात लावू नये. ती पूर्ण आणि वेळेवर मिळालीच पाहिजे. पण मजुरी वजा जाता ग्रामसभेला जी मालकीची रक्कम मिळते, ती सारी घरटी वाटून टाकण्याचा मोह आवरावा. वाटप केल्याने गाव एक दिवस खूष होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उचलीसाठी ठेकेदाराच्या दारात उभे राहते. त्या रकमेचा ठराविक हिस्सा राखीव निधीत गेला, तर मोहाच्या हंगामात गावालाच गावाचा माल घेऊन ठेवता येईल आणि पडत्या भावाला नकार देता येईल.

यासाठी मोह फुलण्याआधी प्रत्येक ग्रामसभेने एक ठराव करावा. राखीव निधीचा हिस्सा किती, तो कोणाच्या सह्यांनी निघेल आणि कशासाठी खर्च होईल, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. सभेला स्त्रिया पुरेशा संख्येने असल्यावाचून तो संमत करू नये. कारण फूल त्या वेचतात, पानही त्याच तोडतात, आणि पावसाळ्यात घरात काय उरले नाही हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.